पहिल्या हाताचा मान

कानिफनाथ रोहोकलेचा हात तोंडाच्या आधी चालतो, हे पाथरदऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बांधावरून त्यानं चुलतभावाचं डोकं फोडलं होतं. दुधाच्या टेम्पोवाल्याला कॉलर धरून विहिरीपर्यंत फरफटत नेलं होतं. एका लग्नात मानपानावरून वधूपित्याच्या अंगावर धावून गेला होता, आणि ते लग्न त्याचं स्वतःचंच होतं. मारून झालं की त्याला वाईट वाटायचं. वाईट वाटून झालं की भूक लागायची. एवढा साधा सरळ माणूस.

असा हा माणूस दर रविवारी दुपारी कड्यावर उभा राहून बिनइंजिनाची खेळण्यातली विमानं उडवायचा. त्याची बायको राहीबाई शेजारणींना सांगायची, "म्हशीला वैरन टाकायला ह्यांना येळ न्हाई, अन् थर्माकोलची पाखरं हाकायला मातर हाय."

हे येड लावलं भिंगारदिवे सरांनी. शांतवन भिंगारदिवे नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. अंगानं काटकुळे, डोक्यावर कापडी टोपी, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं वाकून ऐकावं. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली आणि घरी मरियाबाईंच्या हातचं जेवण झालं, की स्कूटरच्या मागे लांबुडकं खोकं बांधून ते पारनेरच्या पठाराकडे निघायचे. पाथरदऱ्याच्या पश्चिमेला जमीन एकदम संपते. खाली सरळ कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी खालची वाडी. आषाढात ढग नुसते डोक्यावरून पळत जातात, पाऊस सगळा घाटातच सांडून आलेले असतात, आणि मागे उरतो तो वारा. पवनचक्कीवाले काही उगाच इथं आले नाहीत. तो वारा कड्यावर येऊन आदळतो आणि पुढे वाट नसल्यामुळे उभा वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यात सर विमान हातानं फेकायचे, आणि ते खाली पडायच्या ऐवजी वर जायचं.

कड्यालगतचं माळरान कानिफचं. सहा वर्षांपूर्वी सर तिथं पहिल्यांदा दिसले तेव्हा हा काठी घेऊनच गेला होता. त्याला वाटलं, कुणीतरी जमीन मोजायला आलंय. सरांनी मान वळवली नाही. डोळे आभाळात, दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर. "एक मिनिट थांबा," ते म्हणाले, "आत्ता मान वळवली तर पडेल." कानिफला आयुष्यात असं कुणी थांबवलं नव्हतं. तो थांबला, वर पाहिलं, आणि पाहतच राहिला. ना आवाज, ना धूर. नुसतं पांढरं पातं वाऱ्यावर डुलतंय. घटकाभरानं सरांनी रिमोट त्याच्या हातात दिला आणि त्यानं तिसऱ्या क्षणाला ते विमान बाभळीत घातलं. सर हसले. "नाक खाली ठेवायचं," ते म्हणाले. "वेग गेला की सगळं गेलं. आणि दांडी सैल धर, म्हशीची दोरी नाही ती."

पुढच्या रविवारी कानिफ सरांच्या आधी कड्यावर हजर होता.

दोन वर्षांत तो बरा उडवायला लागला. पण त्याचा खरा जीव टकरीत. या खेळात तसा एक प्रकार असतो: चिवट फोमची, न मोडणारी विमानं घ्यायची आणि एकमेकांवर घालायची. ज्याचं पडलं तो हरला. सरांना हा प्रकार पोरकट वाटायचा, पण कानिफसाठी खेळायचे. कानिफ वरून यायचा, सुसाट, आणि सरांच्या विमानाला कुशीत हाणायचा. धप्प आवाज झाला आणि सरांचं विमान गटांगळ्या खात दरीत गेलं, की हा माळावर नाचायचा. पन्नाशीला टेकलेला, ग्रामपंचायतीचा सदस्य असलेला माणूस. एकदा सर म्हणाले, "कानिफ, तुला उडवण्यापेक्षा पाडायला आवडतं." तो म्हणाला, "दोन्ही आवडतंय सर." आणि ते खरंच होतं.

ग्रामपंचायत पाथरदरा आणि खालची वाडी मिळून एकच. त्यामुळे खाली वाडीत त्यानं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मतं मागायला जायचं तिथं हसू होऊन कसं चालेल? वाडीतून मान वर केली की कड्यावर दोन टोप्या दिसायच्या, एवढंच. कुणी म्हणायचं पतंगवाले आहेत, कुणी म्हणायचं पाखरं मोजणारे सरकारी लोक आहेत. सहा वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

त्या वर्षी मात्र ड्रोनची हवा उठली. रात्री गावावरून दिवे फिरतात, चोर वरून घरं हेरतात, मग दोन दिवसांनी येऊन दार फोडतात, अशी बातमी या तालुक्यातून त्या तालुक्यात फिरत होती. गावोगाव माणसं काठ्या घेऊन जागायला लागली. निम्मी बातमी खोटी असेल, पण खालच्या वाडीत साळूबाईच्या घरात चोर शिरले ते खोटं नव्हतं. म्हातारी एकटी झोपली होती. त्यांनी तिच्या डोक्यात पहार घातली आणि कानातली फुलं पाळीसकट ओढून नेली. दवाखान्यातच तिनं जीव सोडला. तिचा मुलगा रविराज कांद्याचा टेम्पो घेऊन बाहेरगावी होता, तो आईच्या तोंडात पाणी घालायलाही पोचला नाही. शांत, कामाशी काम ठेवणारा माणूस. आईला पोचवून आल्यापासून तो कुणाशी बोलत नव्हता. नुसता आभाळाकडे बघत बसायचा.

आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला शेवटी काहीतरी दिसतंच.

कानिफनं सरांना फोन केला होता, नाही असं नाही. पण सांगायला काय केला? "सर, वारं झक्कास सुटलंय. येताय न्हवं?"

सर म्हणाले, "पेपरात ड्रोनचं वाचलं रे. लोक बिथरलेत म्हणे. पुढच्या महिन्यात येऊ का?"

"तुमी दिसाढवळ्या येता, तुमाला कोन काय म्हनतंय? अन् मी हाय ना."

सर आले. येताना नवं विमान घेऊन आले. सबंध उन्हाळा खपून त्यांनी ते बनवलं होतं. लाकडी सांगाडा, पुरुषभर लांबीच्या दोन पंखांचं, नाकाशी शिसं भरलेलं. फोमच्या खेळण्यासारखं ते नव्हतं. ते हातात घेतल्यावर माणसाला आपण काहीतरी धरलंय असं वाटायचं.

कानिफ वेळेवर पोचला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्या दुपारी त्याची म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं, डॉक्टर यायला उशीर झाला, आणि कोपरापर्यंत हात घालून सगळं उरकेस्तोवर उन्हं कलली. हात धुऊन तो माळाकडे निघाला. लांबूनच त्याला ते पांढरं विमान दिसलं, कड्यापासून दूर, थेट वाडीवर. आजवर कधीच इतकं मोठं काही त्या आभाळात गेलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, सर आज लईच लांब गेले. मग त्याला खालून वर येणाऱ्या पायवाटेवर माणसं दिसली. बायकासुद्धा होत्या. काठ्या, गज, एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. पुढे रविराज. कानिफ पळायला लागला.

सर कड्याच्या टोकाला उभे होते. माणसांनी त्यांना मागून घेरलं. "काय चाललंय?" कुणीतरी ओरडून विचारलं.

सरांनी मान वळवली नाही. अंगठे दांड्यांवर, डोळे विमानावर. सहा वर्षांपूर्वी कानिफला म्हणाले होते तेच ते म्हणाले. "एक मिनिट थांबा. उतरवतो आणि मग बोलतो."

हे विमान उडवणारा माणूसच करू जाणे. पाठीमागे कुऱ्हाड आली तरी विमान हवेत असताना तो मागे बघत नाही. सरांना वाटलं, आपण सभ्यपणे बोललो. लोकांना वाटलं, हा निर्ढावलेला चोर आपल्याकडे बघतही नाही.

"कुनाला दावतोय आमची घरं?" रविराजनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"अहो, यात कॅमेरा नाही. एक मिनिट."

गज रिमोटवर बसला. रिमोटचे दोन तुकडे झाले. वाडीवरून परतणारं ते विमान क्षणभर आहे तसंच आलं, मग त्यानं एक पंख खाली टाकला, नाक खाली घातलं आणि शिट्टी वाजवत सरळ गर्दीत घुसलं. पायवाटेनं मागाहून येणाऱ्या कडूबाईच्या कपाळावर शिशाचं नाक आदळलं. बाई आवाज न करता बसली आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा पडदा उतरला.

"मारलं. कडूबाईला मारलं."

पहिली काठी सरांच्या पाठीत बसली, दुसरी मांडीवर. टोपी उडाली. ते गुडघ्यावर आले तेव्हा कानिफ धापा टाकत गर्दीत शिरला. त्यानं दोघांना बाजूला ढकललं आणि म्हणाला, "आरं थांबा, थांबा. मी वळखतो ह्यांना—"

"तू वळखतो?" कुऱ्हाडवाला वळला. "वर दोघं असत्यात. आमी बघतोय कवाधरनं, दोन टोप्या. दुसरा कुठं हाय?"

सगळे कानिफकडे बघायला लागले.

कानिफ भित्रा नव्हता. पण सगळं गाव एकाच नजरेनं आपल्याकडे बघतंय हे त्यानं आजवर कधी अनुभवलं नव्हतं. सरांनी वर पाहिलं. त्यांचा चष्मा फुटला होता, पण त्यांनी त्याला ओळखलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "कानिफ," ते म्हणाले, "बरं झालं आलास. सांग यांना, आपण—"

कानिफनं त्यांच्या तोंडात मारली.

उलट्या हाताची, सगळा जोर लावून. सर आडवे झाले. ओठ फाटला, एक दात गवतात पडला. कानिफ गर्दीकडे वळला. "सरका मागं," तो गरजला. "माझ्या रानात सापडलाय. पयला हात माझा."

त्या भागात हा रिवाज होता. ज्याच्या रानात चोर सापडला त्याचा पहिला हात. त्याचं समाधान होईस्तोवर बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. पोलीस येतात, कज्जे चालतात, पण हा मान कुणी मोडत नाही. गर्दी खरंच मागे सरली. कुऱ्हाड खाली आली. माणसांनी गोल केला, आणि मध्ये कानिफ आणि सर.

आता नीट ऐका, कारण पुढे या गोष्टीच्या दहा आवृत्त्या झाल्या. कानिफच्या डोक्यात तेव्हा एक हिशेब होता आणि तो खोटा नव्हता. चाळीस जणांनी मारलं तर सर मरणार. एकट्यानं मारलं तर वाचतील. आपण मारत राहायचं, दिसायला जोरात, लागायला कमी, तोवर वरच्या गावातून कुणीतरी येईल, पोलिसांना फोन जाईल. वाकून त्यानं सरांची गचांडी धरली आणि कानाशी पुटपुटला, "पडून ऱ्हावा सर. उठू नका." मग त्यांना खाली आपटलं. पाठीत लाथ घातली, पण पायाच्या बाजूनं. पुन्हा घातली. लोक म्हणाले, "हाण." कानिफनं हाणलं.

मारणं हे एक काम आहे आणि कानिफ त्यात वाकबगार होता. कुठं मारलं की आवाज येतो आणि हाड मोडत नाही, हे त्याच्या हातांना माहीत होतं. थोडा वेळ हात त्याचं ऐकत होते.

पण सर पडून राहिले नाहीत. पहिल्याच फटक्यानं त्यांच्या एका कानात घंटा वाजायला लागली होती. त्यांना त्याचं पुटपुटणं अर्धंमुर्धं ऐकू आलं असेल. ते कोपरावर उठले, सरपटत आले आणि त्यांनी उजव्या हातानं कानिफची पोटरी धरली. घट्ट धरली. "कानिफ," ते म्हणाले. तोंडातून रक्ताचे फुगे येत होते. "कानिफ, बस. बस आता, कानिफ."

"नावानं वळखतोय की तुला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

पाय सुटेना. कानिफनं झटकला, तरी सुटेना. चित्रं काढणारा हात, पण चिवट. सर नाव घेतच होते, पुन्हा पुन्हा, त्याच हळू आवाजात, जसं दांडी सैल धर म्हणून सांगायचे. आणि कानिफच्या आत काहीतरी पेटलं. सरांची भीती वाटली त्याला, चीड आली. आपण ह्यांचा जीव वाचवतोय आणि हा म्हातारा आपल्याला बुडवतोय. त्या विश्वासानं बघणाऱ्या डोळ्यांचा त्याला इतका राग आला, की त्यानं दुसरा पाय उचलला आणि टाच सरांच्या हातावर आणली. बोटांची हाडं मोडल्याचं त्याला चपलेतून कळलं. हात सुटला. तरी त्यानं पुन्हा टाच आणली. मग पुन्हा. मग बरगड्यांत लाथ, या वेळी पुढच्या टोकानं. सरांचा आवाज बंद झाला, तरी तो मारतच होता. तोंडानं काहीतरी बरळत होता. अंगाला घाम सुटला होता आणि त्याला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं.

कुणीतरी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलून बाजूला नेलं.

"कानिफभाऊ, बास," रविराज म्हणाला. "मरंल त्यो."

कानिफनं त्याला झटकलं. रविराजनं सोडलं नाही. आठवडाभर ज्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता त्या माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तो कानिफला धरून उभा राहिला आणि गर्दीला म्हणाला, "कोनी हात लावू नका. म्हातारा हाय. माझ्या आईच्या वयाचा हाय." मग तो एकदम रडायला लागला, कानिफला धरूनच. गोल फुटला. गज आणि काठ्या खाली आल्या. पालथ्या पडलेल्या सरांच्या शेजारी त्यांच्या विमानाचा मोडका पंख वाऱ्यानं फडफडत होता.

कडूबाईच्या कपाळाला टाके पडले, तेवढ्यावर भागलं. सरही वाचले. बरगड्या मोडल्या, एका कानाचा पडदा गेला, आणि उजव्या हाताची बोटं अशी चेंगरली, की त्यांत तारा घालून सांधावी लागली. नगरच्या डॉक्टरनं मरियाबाईंना सांगितलं, की चमचा धरता येईल, कुंचला नाही.

चौथ्या दिवशी सरांनी पोलिसांना जबाब दिला. त्यांना आठवत होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. जमावानं घेरलं. मग कानिफ आला. त्यानं मारण्याचं नाटक करून लोकांना अडवलं, कानात 'पडून राहा' म्हणाला, म्हणून आज मी जिवंत आहे. नंतरचं नीट दिसलं नाही. मी पालथा होतो, चष्मा नव्हता. कुणीतरी हात तुडवला. कानिफ तर नव्हे. बहुतेक जमावाच्या पुढे होता त्यानं, तुम्ही रविराज म्हणता त्यानं.

पोलिसांनी रविराजला उचललं. बाकीचेही पाचसात होते, पण मोठं कलम त्याच्यावर लागलं. त्यानं ठाण्यात सांगून पाहिलं, की हात कानिफभाऊनं तुडवला, मी तर सोडवलं. फौजदार हसला. ज्याला मार बसला तोच सांगतोय ना, कानिफनं वाचवलं म्हणून.

आणि कानिफ? त्याला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर लोकांनी त्याला शाबासकी दिली ते. पाथरदऱ्याच्या चहाच्या टपरीवर त्याला गोष्ट सांगावी लागली, आणि त्यानं सांगितली. पहिल्यांदा सांगताना तो अडखळला. दुसऱ्यांदा कमी अडखळला. तिसऱ्यांदा त्यात कुऱ्हाड त्याच्या अंगावर आली आणि त्यानं ती हातानं धरली. सरपंचानं खांद्यावर हात ठेवला. "नाटक करावं तं आसं," म्हणाला. पण मारहाणीच्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या चपलेचा तळ राहीबाईनंच धुतला होता.

रविराजची बायको सुरेखा आली ती सकाळी, दूध काढायच्या वेळेला. गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मालक म्हनले, कानिफभाऊला इचार," ती म्हणाली. "म्हनले, त्यो सांगंल. त्याला ठावं हाय."

कानिफ धार काढत राहिला.

"दिवस घातले सासूचे, अन् तिसऱ्या दिशी हातात बेड्या. तुमी एकदा सांगा भाऊ, हात कुनी तुडवला त्ये. मला नका सांगू. पोलिसास्नी सांगा."

"बघतो," कानिफ म्हणाला.

"बघू नका," सुरेखा म्हणाली, "सांगा." आणि ती गेली.

म्हशीनं पाय उचलला आणि बादली लवंडली. कानिफचा हात वर गेला. नेहमीसारखा आपोआप गेला. तो हात त्यानं तसाच हवेत धरला आणि त्याच्याकडे बघत बसला. शेवटी राहीबाईनं येऊन बादली उचलली. "जावा नगरला," ती म्हणाली. "अन् जेवून जाऊ नका."

दवाखान्यात मरियाबाईंनी त्याला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, तोच हात, आणि सोडेचनात. "प्रभूनं तुम्हाला तिथं धाडलं," त्या म्हणाल्या. सरांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून दिली, मोसंबं सोलायला घेतलं. सर उशीला टेकून बसले होते. ओठ शिवलेला, उजवा हात बोळ्यांनी आणि पट्ट्यांनी गुंडाळून उंच टांगलेला. त्याला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"ये रे. त्या बाजूनं बस, हा कान चालतो," ते म्हणाले. "मी मरियाला सांगत होतो, डाव्या हातानं उडवता येतं. दांड्यांची जागा बदलून घेतली की झालं. तू मला डाव्यानं शिकव आता."

कानिफला वाटलं, न सांगता निघून जावं. आता उठलं, दार ओलांडलं, की आयुष्यभर हा माणूस आपल्याला असाच 'ये रे' म्हणेल. फक्त रविराज आत सडेल. तो रविराज, ज्यानं त्याला मागून धरलं नसतं तर ही खाट रिकामी असती. कानिफला रडायला येत नव्हतं, त्याचा त्याला राग आला. मग त्यानं त्या रागालाच धरलं, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

"हात मी तुडवला, सर."

मरियाबाईंचं सोलणं थांबलं.

"तुमी पाय धरला हुता. सुटंना. मंग मी टाच घातली. एकदा सुटला, तरी घातली. पुन्ना घातली." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "पयल्यांदा वाचवायलाच मारत हुतो. देवाशपथ. मंग न्हाई. मंग मी मारतच हुतो. रविराजनं सोडवलं. त्यानं तुमाला बोट सुदीक लावलं न्हाई."

कानिफनं मान वर केली तेव्हा त्याला वाटलं होतं तसा राग सरांच्या चेहऱ्यावर नव्हता. दयाही नव्हती. ते त्याला निरखत होते, पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

"तोंडात मारलीस ती?" त्यांनी विचारलं. "पहिली. ती कशाला होती?"

कानिफनं खोटं शोधलं. सापडलं नाही. "तुमी माझं नाव घेत हुता," तो म्हणाला.

सरांनी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. मरियाबाईंनी सोललेलं मोसंबं परत पिशवीत ठेवलं आणि साडीच्या पदराला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"माफी मागायला आला असशील," सर डोळे न उघडता म्हणाले, "तर ती मला द्यावी लागेल. माझा धर्मच तसा आहे. पण त्याला वेळ लागेल, कानिफ. किती ते माहीत नाही. मी असेपर्यंत होईल की नाही, तेही माहीत नाही."

"व्हय सर."

"तो पोरगा आत आहे. त्याचं आधी करू. मला जबाब बदलायचाय. खाली पोलीस असतो, त्याला वर बोलाव."

मरियाबाई उठायला लागल्या. सरांनी डाव्या हातानं त्यांना बसवलं.

"तू नको," ते म्हणाले. "त्याला जाऊ दे."

कानिफ उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याला वाटलं, सर मागून हाक मारतील. त्यांनी मारली नाही. जिन्याखाली हवालदार बाकावर बसून चहा पीत होता. कानिफ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भिंगारदिवे सर बोलावत्यात. अन् मलाबी तुमच्यासंगं यायचंय."